मास्तर बोलले तो भाग

परीक्षा जवळ आल्या की आमच्या गल्लीतले टीव्ही हळू बोलायला लागतात. मंगळवार पेठेतली ही गल्ली एरवी हळू बोलणारी नव्हे. गच्चीवर टाकी बघायला चढलेला माणूस खाली हाक मारतो, तेव्हा तिसऱ्या घरातल्या जेवणाऱ्याचा घास हातात राहतो. भांडण आणि आमंत्रण इथं एकाच पट्टीत चालतं. नवीन आलेल्याला कळत नाही, आपल्याला हाकलतायत की चहाला बोलावतायत. पण फेब्रुवारी सरत आला, दुकानांच्या दारात पॅड आणि कंपासपेट्या टांगल्या गेल्या, की कुणाच्या ना कुणाच्या घरात दहावी-बारावीचं पोर असतंच. मग गल्ली आपण होऊन आवाज खाली आणते. कुणी सांगायला लागत नाही.

परवा शाळेतून येताना तेच जाणवलं. ऊन चढायला लागलंय. साखर कारखान्यांचा हंगाम शेवटाला आलाय. शेवटच्या फडांतला ऊस घेऊन ट्रॅक्टर जातात तेव्हा रस्त्यावर वाड्याचा, उसाच्या शेंड्यांच्या पाल्याचा, हिरवा चुरा पसरतो. आमच्या शाळेत बिद्रीकडच्या एक बाई आहेत, त्या याच दिवसांत काकवीची बाटली आणून देतात. हातात ती बाटली, खांद्याला पेपरांची पिशवी, आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून पुटपुटल्यासारखे येणारे मालिकांचे आवाज. अशा वेळी मला दर वर्षी माझ्या लेकीच्या, सईच्या बारावीचा मोसम आठवतो. तो मोसम मी सईच्या मार्कांसाठी लक्षात ठेवलेला नाही. मार्क तिला चांगले पडले, ती आता पुण्यात शिकते, फोनवर मलाच गणितं घालते. तो मोसम माझ्या लक्षात राहिला तो शेजारच्या तात्यांमुळं आणि आमच्या मास्तरांमुळं.

मास्तर म्हणजे माझा आवडता नट. त्याचं खरं नाव इथं घेत नाही, कारण आमच्या गल्लीत ते कुणी घ्यायचंच नाही. त्या वर्षी तो एका मालिकेत निवृत्त मुख्याध्यापकाचं काम करत होता, म्हणून सगळ्यांनी त्याला मास्तरच करून टाकलं. मी गणिताची बाई. मला कुणी हळवी समजत नाही आणि समजावं अशी माझी इच्छाही नाही. पण या माणसावर माझा जीव आहे, तोही मी कॉलेजात असल्यापासून. तेव्हा तो काळ्याभोर केसांचा, लांबलचक वाक्यं एका दमात फेकणारा. मी आणि माझी मैत्रीण त्याचं नाटक बघून चालत घरी यायचो आणि त्याची वाक्यं त्याच्यासारखी म्हणायचा प्रयत्न करत दम लागून थांबायचो. आता त्याचे केस पिकले, पोट थोडं सुटलं, आणि त्याच्या वाट्याला आली एकही शब्द नसलेली भूमिका.

गोष्ट अशी होती. मास्तरांचा आणि त्यांच्या मुलीचा कैक वर्षांचा अबोला. शेवटी मुलगीच पड खाते, माहेरी येते. ती उंबऱ्यात पाऊल टाकते तेव्हाच मास्तरांना झटका येतो आणि त्यांची वाचा जाते. म्हणजे बोलायचं मनात आलं आणि बोलणंच गेलं. तिथून पुढं कितीतरी आठवडे या माणसानं नुसत्या डोळ्यांवर, भुवईवर आणि धोतराचा सोगा चुरगळणाऱ्या उजव्या हातावर आख्खा महाराष्ट्र बसवून ठेवला. आख्ख्या महाराष्ट्राचं मी कशाला बोलू? आमची गल्ली तरी नक्कीच बसली होती.

पण आमच्या घरातला टीव्ही बंद होता. सईची बारावी म्हणून डिसेंबरातच मी रिमोट कपाटात टाकला होता. नियम मीच केला होता आणि नियम मोडणं माझ्या स्वभावात नाही. मात्र नियम होता आमच्या टीव्हीसाठी. शेजारच्या टीव्हीबद्दल मी काहीच ठरवलं नव्हतं. म्हणून दिवेलागणी झाली की मी सईला दूध द्यायची, "जरा अक्कांकडं जाऊन येते," म्हणायची आणि हातात काहीतरी झाकलेली वाटी घेऊन निघायची. वाटीत कधी आमटी असायची, कधी चटणी. सई पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची, "मास्तरांना नमस्कार सांग."

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरच्या कर्त्या बाई. सत्तरीच्या, अंगानं बारीक, आवाजानं दणकट. त्यांचा मुलगा एमआयडीसीत कामाला, तो संध्याकाळच्या पाळीला असायचा. सून रूपाली शिवणकाम करायची, फोनवर तरबेज. गल्लीच्या तोंडाशी गिरण चालवणारी शोभा ऐन वेळी धापा टाकत यायची, पापण्यांवर पीठ घेऊन. आम्ही चौघी एका ओळीत भिंतीला टेकून बसायचो. आणि खिडकीपाशी, आमच्याकडं आणि टीव्हीकडं पाठ करून, वेताच्या खुर्चीत तात्या बसलेले असायचे. तात्या म्हणजे अक्कांचे मालक.

तात्यांना ओळखत नाही असा माणूस कुस्तीच्या मैदानात सापडला नसता. ते स्वतः पैलवान नव्हते, पण मैदानाचा आवाज होते. जत्रेच्या मोसमात गावोगावी कुस्त्यांची मैदानं भरतात, तिथं माईक हातात घेऊन कुस्ती सांगणारा माणूस लागतो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला लांबून काय दिसणार? त्याला तात्यांच्या आवाजातून दिसायचं. "पटाला गेला... धरला... न्हाय, सुटला की हो पावणं, सुटला!" असं ते सांगायला लागले की जो बघत होता तोही बघायचं सोडून ऐकायला लागायचा. तालमी, वस्ताद, पैलवानाचा बाप, बापाचा बाप, सगळं तोंडपाठ. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना झटका आला. हात-पाय सुधारले. काठी घेऊन चालायला लागले. वाचा मात्र अडकली.

खरं तर ती पुरती गेलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, शब्द आत आहेत, वाटा बुजल्यात, बोलत राहिलं तर मोकळ्या होतील. वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या होत्या. सुरुवातीला तात्या प्रयत्नही करत होते. मग एकदा तालमीतली मंडळी भेटायला आली. तात्यांना पाणी हवं होतं. तांब्याकडं बोट करून ते म्हणाले, "पायरी." कुणीतरी हसलं. वाईट मनानं नाही. आपल्याकडं कुणी काही उलटं बोललं की हसतातच. पण त्या दिवसापासून तात्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. उपचाराच्या बाई आल्या की भिंतीकडं तोंड करायचे. संध्याकाळी आमचा घोळका जमला की खिडकीकडं.

आणि आम्ही? आम्ही मास्तरांवर चर्चा करत होतो.

आमच्या त्या चर्चांची गंमत आजही जिभेवर आहे. भाग अर्धा तासाचा, बोलणं तासभराचं. शोभा सुरुवात करायची. गिरणीच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं तिला हळू बोलता येतच नाही. "मी तर रडलो की काल! डोळ्यावरचं पीठ भिजलं, कणीक व्हायची बाकी ऱ्हायली."

"पाणी मागितलं तवा भुवई कशी केली बघितलासा काय बाई?" अक्का मला विचारायच्या. "एक भुवई. दुसरी हालली पण न्हाय."

"झटका आलेल्या बाजूची हलत नाही ना अक्का. म्हणून. अभ्यास केलाय त्यानं."

"व्हय तर! लई बारीक हाय त्यो."

रूपालीचा फोन सारखा वाजत असायचा. मालिकेच्या चाहत्यांचा एक मोठा ग्रुप होता, गावोगावच्या बायका-पुरुषांचा. त्यावर आदल्या भागाचं कौतुक, पुढच्या भागाचे अंदाज. रूपाली मोठ्यानं वाचून दाखवायची. एका बाईनं लिहिलेलं, मास्तर पुढच्या आठवड्यात बोलणार. दुसरीनं लिहिलेलं, बोलू नयेत, असेच राहावेत, यातच मजा आहे. त्यावर शोभा तावातावानं म्हणाली, "मजा? मुलगी समोर बसलीया आन बापाला तिचं नाव घेता येईना, ह्यात कसली मजा गं?"

त्याच सुमाराच्या एका भागात मास्तर मुलीचं नाव घ्यायचा प्रयत्न करतात. ओठ जुळतात, मान ताणते, घशातून नुसता एक आवाज येतो. मुलगी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावते, आणि मास्तर तिच्या पाठीकडं बघत राहतात. आम्ही तिघी हमसून रडत होतो. अक्का मात्र मध्येच उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, डोळे कोरडे होते.

"त्यो मास्तर निदान तोंड तरी उघडायलाय, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकांनी आतनं कडीच लावून घेतलीया. डाक्टर म्हणालेत, आत्ता बोललं तर येतंय, मागनं लई अवघड. परवा जत्रेची माणसं आलती. म्हणाली, तात्या, बोलू नगासा, नुसतं मंडपात येऊन बसा. तर हे उठून आत गेलं. चाळीस-पन्नास वरसं मी ह्यांचा आवाज ऐकलाय. कवा कवा मीच म्हणायची, जरा गप बसा की हो. आता घर खायला उठतंय."

मी त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि विसळून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं पर्यवेक्षण सुरू झालं. परीक्षेचा हॉल ही मला फार बोलकी जागा वाटते. वर पंखे गरगरतात, खाली पोरं वाकलेली. आणि प्रत्येक हॉलमध्ये एक-दोन पोरं अशी असतात की ज्यांना उत्तर येत असतं, पण येत नसतं. ती पेन टेकवतात, उचलतात, छताकडं बघतात. ओठ हलत असतात. मला शिक्षक म्हणून कळतं, की हे आत कुठंतरी आहे, रात्री घरी गेल्यावर जेवताना आठवेल आणि घास कडू होईल. पूर्वी अशा पोरांजवळून मी तशीच पुढं जायची. त्या वर्षी मी जरा थांबायची. बोलायची परवानगी नसते, पण शेजारी नुसतं उभं राहिलं तरी पोर खांदे सैल सोडतं, हे मला तेव्हा कळलं. मला मास्तर आठवायचे. आणि मग, मनाविरुद्ध, खिडकीकडं तोंड केलेली वेताची खुर्ची.

सईचा गणिताचा पेपर झाला त्याच संध्याकाळी तो भाग होता, ज्याची जाहिरात आठवडाभर चालली होती. मास्तर बोलणार! शोभानं गिरण लवकर बंद केली. अक्कांनी शेंगदाणे भाजले होते. रूपालीच्या फोनवर ग्रुपवाल्यांची नुसती झड लागली होती.

शाळेचा सोहळा. जुने विद्यार्थी जमलेत. मुलगी व्यासपीठावर वडिलांविषयी बोलता बोलता अडखळते, रडते, थांबते. आणि खाली खुर्चीत बसलेले मास्तर उठतात. बासरी वाजते. मास्तर माईकपाशी जातात, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात आणि बोलतात. नुसतं नाव घेऊन थांबत नाहीत. तिचं बालपण, आपली चूक, शिक्षण, आयुष्य, सगळं. लखलखीत आवाजात, एकही शब्द न चुकता, अगदी माझ्या कॉलेजातल्या दिवसांसारखं एका दमात. आम्ही ओक्साबोक्शी रडत होतो. शोभा टाळ्या वाजवत होती. मी नाक पुसत होते आणि मनात म्हणत होते, हा माझा माणूस.

"खोटं."

शोभानं आधी टीव्हीकडंच बघितलं. तिला वाटलं, मालिकेतलंच कुणीतरी बोललं. मग आम्ही चौघींनी एकदम माना वळवल्या. तात्यांनी खुर्ची फिरवली होती. चेहरा लाल.

"ख... खोटं," ते पुन्हा म्हणाले. घोगरा आवाज, शेवटचं अक्षर अर्धवट. पण शब्द नेमका.

रूपालीनं टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, अक्का आता रडतील, देवापुढं साखर ठेवतील. अक्का जागच्या हलल्या नाहीत. नेहमीच्या दणक्यात म्हणाल्या, "काय खोटं? सांगा की. अर्धं बोलून सोडायचं न्हाय."

तात्यांनी टीव्हीकडं बोट केलं. "आसं... आसं न्हाय... येत."

"मग कसं येतंय?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. तांब्याकडं बोट नेलं. ओठ जुळले, सुटले. "पा... पायरी." आणि ते थबकले. तोच शब्द. ज्याला माणसं हसली होती तोच. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "पायरी... न्हाय. पा... पा... पाणी." मग टीव्हीकडं बोट. "ह्यो... एक... दम!"

रूपालीला पहिल्यांदा कळलं. "आधी चुकीचा शब्द येतोय. मग शोधून शोधून बरोबरचा येतोय. आन मास्तर एकदम भाषण ठोकायला लागला, म्हणून खोटं. व्हय न्हवं तात्या?"

तात्यांनी मान हलवली. इतकी जोरात, की टोपी घसरली.

अक्का उठल्या. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घ्या. पायरी घ्या."

रूपालीनं तोंडावर हात ठेवला. एक क्षण तात्या अक्कांच्या तोंडाकडं बघत राहिले. आणि मग हसले. खांदे गदगदायला लागले, पेल्यातलं पाणी धोतरावर सांडलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिले. मग आम्हीही हसलो. पलीकडं मुक्या टीव्हीवर मास्तर अजून बोलतच होते. त्या भागाचा शेवट काय झाला ते मी आजतागायत बघितलेलं नाही.

शोभाला मात्र एक कोडं पडलं. "तात्या, तुमची तर पाठ असायची टीव्हीकडं. मग तुम्हाला कसं कळलं मास्तर कसा करतोय ते?"

तात्यांनी खिडकीकडं बोट केलं. आम्ही जाऊन बघितलं. बाहेर अंधारून आलं होतं, आणि काचेत आख्खा टीव्ही दिसत होता, उलटा, पण स्वच्छ. डावीकडचं उजवीकडं. इतके दिवस हा माणूस आमच्याबरोबर सगळी मालिका बघत होता. आम्ही भुवईवर चर्चा करायचो तेव्हाही, आम्ही डोळ्यांवरून जीव ओवाळून टाकायचो तेव्हाही.

शोभाला नटाची बाजू घेतल्याशिवाय राहवेना. "पर त्यो काय करंल? लिहून दिलं त्येच बोलणार न्हवं?"

तात्यांनी बराच वेळ घेतला. आम्ही वाट बघितली. "डोळं..." ते म्हणाले. "डोळं... खरं."

मला आजवर कुणी केलेलं एवढं चांगलं परीक्षण ठाऊक नाही. आणि तो नट तिथं असता, तर मला खात्री आहे, त्यानं ते मान लववून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा वेताची खुर्ची टीव्हीसमोर होती. तिथून पुढं चर्चेचा रंगच बदलला. भाग संपला की सगळ्यांनी तात्यांकडं बघायचं. ते "खोटं" म्हणायचे किंवा "बरं" म्हणायचे, आणि अक्का विचारायच्या, "का?" या एका "का"नं जे काम केलं ते भिंतीकडं तोंड करून झालं नसतं. उपचाराच्या बाई हुशार. त्यांनी चित्रांचे तक्ते बाजूला ठेवले आणि तात्यांना रोज काल काय घडलं ते सांगायला लावलं. शब्द चुकायचे. मुलीला ते 'म्हैस' म्हणायचे, सोहळ्याला 'सोलापूर'. चुकला की स्वतःच हात झटकायचे आणि पुन्हा धरायला जायचे. आम्हाला बाईंनी एकच बजावलं होतं, त्यांच्या तोंडात शब्द घालायचा नाही. कितीही वेळ लागो. गणिताच्या बाईला हे सगळ्यात अवघड. समोरचा अडला की पुढची पायरी सांगायची हा माझा धंदाच. मी दातांखाली जीभ धरून बसायची. शोभा तर स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, जणू शब्द हातांनीच बाहेर पडणार होते.

ग्रुपवर इकडं मास्तरांच्या भाषणाचा जयजयकार चालला होता. रूपालीला ते सोसवेना. एक दिवस ती म्हणाली, "तात्या, तुमचं म्हणणं ह्यात घालू काय? तुम्ही बोलतानाचं."

"येडी हायस काय?" अक्का कडाडल्या. "एकदा हसली माणसं ते पुरं न्हाय झालं? आता गावोगावची हसवतीस?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "घाल," ते म्हणाले. तो शब्द एका फटक्यात आला.

तिनं त्यांना खिडकीच्या उजेडात बसवून चित्रीकरण केलं. तीन-चार वाक्यं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मध्ये ते थांबले, चुकले, एकदा चिडले. रूपालीनं त्यातलं काही कापलं नाही. मास्तरांचे डोळे खरे, बोलणं खोटं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते जसं बोलले, त्यातच सगळं होतं.

ग्रुपवर आधी शिव्याच आल्या. मनोरंजन म्हणून बघा हो. आमच्या मास्तरांवर टीका नको. आजारी माणसाला कशाला त्रास देता. अक्का दुसऱ्या दिवशी दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग संध्याकाळी एका बाईनं लिहिलं, माझ्या आईचंही असंच आहे. आम्हाला वाटलं, तिला वेड लागलं. त्याखाली एका मुलानं लिहिलं, माझे वडील कंडक्टर होते, ते माझ्या नावाऐवजी स्टॉपचं नाव घेतात. रात्रीपर्यंत मास्तर बाजूला राहिले आणि लोक आपापल्या घरातली माणसं सांगू लागले. मालिकेवाल्यांकडून काही उत्तर आलं नाही, नटाकडूनही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं त्याचं काम केलं होतं. त्याच्या डोळ्यांनी आम्हाला चौघींना त्या खोलीत रोज आणून बसवलं होतं, आणि रडणं कितीही मालिकेचं असलं तरी ते रडणारी माणसं खरी असतात. माझा तो नट अजून आवडता आहे. खोटं बोलला तरी.

नेसरीजवळच्या एका वाडीतून एका बाईंचा फोन आला तो त्याच आठवड्यात. रूपालीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. आवाजात कर्नाटकाकडचा हेल होता. "माझ्या अण्णाला दावला बघा तुमच्या तात्यांचा व्हिडिओ," त्या म्हणाल्या. "अण्णा आमचा झटका आल्यापास्नं दोन वरसं झाली बोलत न्हाय. सारखा तेच लावा म्हणून खुणा करतोय. एकदा घेऊन येशीला काय त्यांना?"

सईचे पेपर संपले होते. रिमोट कपाटातून बाहेर आला होता. जोतिबाच्या यात्रेला गेलेली माणसं गुलालानं माखून परत येत होती. मैदानांचे दिवस सुरू झाले होते आणि तात्या एका मैदानाला जाऊन मंडपात बसूनही आले होते. माईक त्यांनी हातात घेतला नाही, आजही घेत नाहीत. तो आवाज परत आला असं मी लिहिलं, तर तात्याच मला खोटं म्हणतील. हल्ली ते कट्ट्यावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात आणि सावकाश, चुकत, एकेक वाक्य पुरं करतात. घाईतला माणूस आमच्या गल्लीतून जायला बघत नाही, एवढाच काय तो त्रास.

तर एका रविवारी भाड्याची गाडी करून आम्ही नेसरीकडं गेलो. तात्या, अक्का, रूपाली, शोभा आणि मी. अण्णा पन्नाशीचे निघाले, रापलेले, उंच, शेतात राबलेला माणूस. अंगणात आंब्याखाली दोन खुर्च्या टाकलेल्या होत्या. आम्ही बायका अंगणाला लागून असलेल्या सोप्यात बसलो आणि ते दोघं समोरासमोर. फोन केलेल्या बाईंची, अण्णांच्या बहिणीची, चुळबुळ चालली होती. ती आमच्यासारखीच त्यांच्याऐवजी बोलायला निघाली होती. अक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तात्यांनी सुरुवात केली. त्यांनी विचारलं, शेती किती. त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. अण्णांनी बोटं दाखवली. तात्यांनी मान हलवली आणि आपल्या तोंडाकडं बोट केलं, म्हणजे बोलून सांगा. अण्णांनी जमिनीकडं बघितलं. मग एक आवाज आला, मग दुसरा, मग भलताच एक शब्द. तात्या हसले नाहीत, मदतीलाही धावले नाहीत. ते गुडघ्यांवर हात ठेवून, थोडे पुढं वाकून बसले होते. कानात प्राण आणून म्हणतात तसे. उन्हं कलली. कैरीचं पन्हं झालं, चहा झाला. त्या दोघांचं चाललंच होतं. आमच्या कुणाच्याही कानावर धड काही पडत नव्हतं, आणि ते आमच्यासाठी नव्हतंही.

निघायची वेळ झाली. गाडीवाला घाई करत होता. आम्ही उठलो, पिशव्या घेतल्या, पायात चपला घातल्या. तात्या काठी टेकत उभे राहिले. तेवढ्यात अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. ओठ जुळवले. मानेच्या शिरा ताणल्या. बहिणीला काय म्हणायचंय ते ठाऊक होतं. खरं तर आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. आपल्याकडं दारातून निघालेल्या पाहुण्याला दुसरं काय म्हणतात? पण तिनं पदर तोंडात धरला. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. अक्कांनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला. आम्ही उभ्या राहिलो.

"पावणं..." अण्णा म्हणाले. थांबले. डोळे मिटले. उघडले. "जे... जेवून... जावा."

आम्ही चपला काढल्या.